पडदा उघडला का?

जूनमध्ये टोकियोत सूर्य चार पंचवीसला उगवतो. इथे नव्याने येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला मी हे आधीच सांगून ठेवते आणि कुणीही ते मनावर घेत नाही. मग पहिल्या उन्हाळ्यात दचकून उठतात, ऑफिसला उशीर झाला म्हणून अर्धे तयारही होतात आणि घड्याळ बघून कपाळावर हात मारतात. त्याच दिवसांत मुंबईला सूर्योदय सहाच्या आसपास असतो. टोकियो बरंच उत्तरेला आहे हे एक कारण झालंच, पण घड्याळाचाही त्यात वाटा आहे. जपानचं घड्याळ 1888 पासून आकाशी नावाच्या शहरावरून जाणाऱ्या 135 अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे आणि टोकियो त्याच्या पूर्वेला, त्यामुळे सूर्य इथे घड्याळाच्या एकोणीस-वीस मिनिटं आधीच हजर होतो. आपल्याकडे नेमकं उलटं. भारताची वेळ मिर्झापूरजवळच्या रेखांशाची, मुंबई त्याच्या पार पश्चिमेला, म्हणून तिथे तो चाळीसेक मिनिटं उशीर करतो. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायचा प्रयोग जपानमध्ये अमेरिकी अंमलाच्या काळात, 1948 ते 1951, झाला होता. लोकांना तो मुळीच रुचला नाही आणि अंमल संपता संपता मोडीत निघाला.

म्हणून इथल्या उन्हाळ्यात पहाटेचे दोन-अडीच तास लख्ख उजेडाचे असतात आणि त्यांच्यावर कुणाचाच हक्क नसतो. शाळा, कचेऱ्या, दुकानं आपापल्या वेळेलाच उघडणार. जाड पडदे लावून झोपणारे झोपतात. माझी झोप मुळात पातळ, त्यात पडदेही पातळ. पहिल्या वर्षी मी चिडचिड केली, दुसऱ्या वर्षी चहाचा कप घेऊन बाल्कनीत जाऊ लागले. नवरा याला हेरगिरी म्हणतो. तो सात वाजता उठतो, त्यामुळे त्याच्या मताला मी फारशी किंमत देत नाही.

आमचं घर एदोगावा वॉर्डात, निशि-कासाईला. टोकियोतल्या भारतीयांना एवढं सांगितलं की पुरतं. 2000 साल उजाडताना संगणक कोलमडतील या धास्तीने जपानी कंपन्यांनी भारतातून इंजिनिअर बोलावले. त्यांना मेट्रोच्या तोझाई लाइनवरून थेट ओतेमाची, निहोनबाशीच्या कचेऱ्यांत पोचता येईल अशी जागा हवी होती, आणि इथल्या यूआर, म्हणजे सरकारी गृहसंस्थेच्या, वसाहतींत जामीनदार मागत नाहीत. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने भावाला. आता या वॉर्डात काही हजार भारतीय राहतात. 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक इथून वॉर्ड सभेवर निवडूनही आले. आम्ही मात्र वसाहतीत राहत नाही. स्टेशनपासून जरा आत, जुन्या गल्लीत, एका बारक्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आहोत. समोर दुमजली घरांची रांग, गल्लीच्या टोकाला झोपाळे आणि घसरगुंडी मावेल एवढंच उद्यान, उद्यानाच्या कोपऱ्यावर गल्लीचा कचरा ठेवायची जागा. गल्लीत भारतीय आम्ही एकटेच. वसाहतीत राहिले असते तर सकाळी कुकरच्या शिट्ट्या ऐकत उठले असते, आणि त्याचंही सुख मी कमी मानत नाही.

सगळ्यात आधी येतो पेपरवाला. चारच्या सुमाराला, पुष्कळदा त्याच्याही आधी. होंडाची सुपर कब ही गाडी 1958 पासून बनते आहे आणि पेपर, पोस्ट, नूडल्स सगळं तिच्यावरूनच घरोघर फिरत आलं. तिचा आवाज आता पाठ झाला आहे. थोडं फटफट, मग थांबणं, धावती पावलं, पेटीत पेपर सरकल्याचा आवाज, पुन्हा फटफट. पावसाचं नुसतं सावट असलं तरी प्रत्येक पेपर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. हे काम करणारी बरीच मुलं विद्यार्थी असतात. पेपरची एजन्सी राहायला खोली देते, फी भरते, बदल्यात पहाट तिची. अलीकडे त्यांत व्हिएतनामची मुलंही दिसतात.

पूर्वी तो म्हणे दर दाराशी थांबायचा. एके काळी रोज एक कोटीवर प्रती खपवणारा योमिउरी आता साठ लाखांच्याही खाली आला आहे, आणि आमच्या गल्लीत पेपरवाला मोजक्याच दारांशी थांबतो. ती दारं कुणाची हे कळायला मला वेळ लागला नाही. तरुण घरांत पेपर येत नाही. थोडक्यात, त्या गाडीच्या आवाजाचा माग धरला की गल्लीत म्हातारी माणसं कुठे राहतात याचा नकाशाच हाती येतो. तेव्हा मला हे नुसतं गमतीचं वाटलं होतं.

मग कावळे. इथले कावळे आपल्यापेक्षा थोराड, चोच तर पाहून घ्यावी, आणि भय नावाची चीज त्यांना ठाऊक नाही. ते जळाऊ कचऱ्याच्या दिवशीच जास्त का येतात, हा प्रश्न मी गंमत म्हणून विचारत असे, आता विचारत नाही. त्यांना वार कळतात यावर माझा विश्वास बसला आहे. 2001 च्या सुमाराला टोकियोच्या सरकारने कावळ्यांविरुद्ध मोहीमच उघडली होती, पिंजरे लावून हजारोंनी पकडले, आणि तेव्हापासून त्यांची संख्या पुष्कळ घटली असं सांगतात. उरलेले आमच्या गल्लीत राहतात बहुतेक.

आता कचरा. जपानमधल्या कचऱ्यावर भारतीयांनी इतकं लिहिलं आहे की मी हात आखडता घेणार होते, पण आमच्या गल्लीची सकाळ खरी सुरू होते ती तिथेच. जळाऊ कचरा आठवड्यातून दोन दिवस, बाटल्या-डबे-कागद एका दिवशी. पिशवी सकाळी आठच्या आत ठेवायची, आदल्या रात्री ठेवायची नाही. का, तर रात्रभरात कावळे, मांजरं, आणि आगीची भीती. पिशवी पारदर्शक किंवा निदान अर्धवट दिसेल अशी. म्हणजे तुमच्या घरी काल काय शिजलं, कुणी औषधं घेतंय का, बाळाचे डायपर बंद झाले का, हे ज्याला बघायचं त्याला दिसतं. बघत कुणीच नाही. सगळ्यांना माहीत मात्र असतं. पिशव्यांवर पसरायला जाड दोऱ्याची पिवळी जाळी असते, तिच्या कडांना वजन शिवलेलं. जाळी सकाळी पसरायची, गाडी येऊन गेली की झटकून घडी करून कुंपणाला अडकवायची, जागा झाडायची, लागलं तर पाणी मारायचं. ही पाळी घरोघर फिरते. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला एक छोटी पाटी लटकते. आठवडा संपला की आपण ती पुढच्या दाराला लटकवायची. कुणी कुणाला आठवण करत नाही. पाटी आली की आली.

मागच्या वर्षी कोपऱ्यावरच्या घरात तीन-चार नेपाळी मुलं राहायला आली. कन्व्हीनियन्स स्टोअरमध्ये रात्रपाळी करणारी, दिवसा भाषेच्या शाळेत जाणारी. त्यांनी बाटल्या जळाऊ कचऱ्यात घातल्या. गाडीवाल्यांनी ती पिशवी लाल चिकटपट्टी लावून तिथेच सोडली. दोन दिवस ती पिशवी तशीच. गल्लीत कुणी तोंडातून शब्द काढला नाही, पण प्रत्येक जण तिच्याकडे न बघता इतक्या ठळकपणे जात होता की मला बाल्कनीतच ओशाळं व्हायला झालं. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला समोरच्या घरातल्या आजींनी हातमोजे घातले, पिशवी उघडली, बाटल्या वेगळ्या केल्या, धुतल्या. मग साडेसहाला रात्रपाळीहून परतणाऱ्या मुलाला थांबवून, हसत हसत, एक रंगीत तक्ता दिला. तक्त्यावर त्यांनी प्रत्येक चित्रापुढे वार लिहून ठेवले होते. तो मुलगा कमरेत वाकून वाकून आभार मानत होता. मला आजींचा हेवाही वाटला आणि थोडी भीतीही.

या आजी गल्लीच्या सकाळचा मुख्य आधार आहेत. ऐंशी केव्हाच उलटली. आमच्यासमोरच्या घरात एकट्या राहतात. पाच वाजता त्यांच्या तळमजल्याच्या खिडकीचा पडदा सरकतो, पाच दहाला दार उघडतं, आणि त्या केरसुणी घेऊन बाहेर येतात. आपल्या दारापुढचं झाडतात, शेजारच्या दारापुढेही हातभर झाडतात, तिथे थांबतात. पुढे जायचं नाही. सगळंच झाडलं तर शेजाऱ्याला वाटेल आपण आळशी ठरलो. अजिबात नाही झाडलं तर माणूसघाणेपणा. हातभर. मला हे मोजमाप फार आवडतं. शेजारधर्म किती करावा याचं इतकं काटेकोर माप मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

इतक्या लवकर का उठता, असं मी त्यांना एकदा विचारलं. त्यांनी उत्तरादाखल दक्षिणेकडे, समुद्राच्या दिशेने हात केला. त्या लहान असताना कासाई हे कोळ्यांचं आणि नोरीवाल्यांचं गाव होतं. नोरी म्हणजे सुशीला गुंडाळतात तो काळा, कागदासारखा पापुद्रा, समुद्रातल्या शेवाळाचा. त्याचा हंगाम कडाक्याच्या थंडीत. पहाटे दोन-अडीचला घर उठायचं. आदल्या दिवशी होडीतून आणलेलं शेवाळ बारीक चिरायचं, पाण्यात कालवायचं, छोट्या चटयांवर चौकोनी साच्यांत ओतायचं, आणि ऊन पडायच्या आत चटया बाहेर टांगलेल्या हव्यात, कारण हिवाळ्याचं ऊन थोडं आणि एका दिवसात वाळलं तरच माल चांगला. शाळेत जाण्याआधी मुलांनी हे करायचं. आजी म्हणाल्या, बोटं इतकी बधिर व्हायची की पेन्सिल धरता यायची नाही. पुढे किनारा कारखान्यांना आणि भरावाला हवा झाला. 1962 साली टोकियोच्या मच्छीमारांनी आपले हक्क सोडले, भरपाई घेतली, समुद्र दूर ढकलला गेला. त्या नव्या जमिनीवर वसाहती उभ्या राहिल्या, 1979 मध्ये निशि-कासाईचं स्टेशन आलं, आणि पुढे आम्ही. “शरीराला कुणी सांगितलंच नाही की नोरी संपली,” असं म्हणून त्या हसल्या.

मी भरावावरच्या भारतीयांबद्दल पुष्कळ ऐकून होते. भरावाच्या आधीच्या पहाटेबद्दल पहिल्यांदाच ऐकलं.

सहा वाजल्यानंतर उद्यानात माणसं जमू लागतात. एकेक, सुटी सुटी. कुणी झाडाला हात टेकून पोटऱ्या ताणतं, कुणी नुसतंच उभं. एक आजोबा घसरगुंडीच्या पायरीवर रेडिओ ठेवतात. साडेसहाला एनएचकेवर, म्हणजे इथल्या आकाशवाणीवर, पियानो सुरू होतो आणि सगळे हात एकदम वर जातात. याला राजिओ ताइसो म्हणतात, रेडिओवरची कवायत. 1 नोव्हेंबर 1928 ला सुरू झाली, सम्राट हिरोहितोंच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने. पण कल्पना राजवाड्यातून आलेली नव्हती. पोस्टाच्या आयुर्विमा खात्याच्या लोकांनी अमेरिकेत मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीचा रेडिओवरचा व्यायाम पाहिला होता. विमेदार ठणठणीत राहिला तर विमा कंपनीचं भलं, हा त्यामागचा साधा हिशेब. मग लष्करी काळात तीच कवायत राष्ट्रभक्तीची झाली, युद्धानंतर अमेरिकी अंमलाला तिचा संशय आला आणि ती थांबली, आणि 1951 मध्ये नव्या चालीसह, नव्या हालचालींसह परत आली. आजची पहिली कवायत तेरा हालचालींची, तीन मिनिटांची. शाळेत प्रत्येकाने केलेली, त्यामुळे पियानो ऐकताच हातपाय आपोआप हलतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं येतात, गळ्यात कार्ड अडकवून, हजेरीचा शिक्का घ्यायला. डोळे अर्धे मिटलेले, पायात रबरी चपला. जानेवारीत सूर्यच सातला दहा कमी असताना उगवतो, तेव्हा हे सगळं करड्या उजेडात चालतं आणि तोंडांतून वाफा निघताना दिसतात.

आपल्याकडे एवढी माणसं एका बागेत जमली असती तर हास्यक्लब, मग चहा, मग राजकारण, मग भांडण, मग दोन हास्यक्लब. इथे सहा चाळीसला रेडिओ बंद. वाकून नमस्कार. सगळे आपापल्या वाटेने. सुरुवातीला मला हे फार कोरडं वाटायचं. रोज एकत्र येता आणि बोलत नाही? मग येता कशाला? व्यायाम घरीही होतो, टीव्हीवरही लागतो.

त्याचं उत्तर मला एका फेब्रुवारीत मिळालं. काळी लोकरी टोपी घालणारे एक आजोबा त्या दिवशी आले नव्हते. कवायत चालू असताना रेडिओवाल्या आजोबांची मान दोनदा गल्लीकडे वळली. दुसऱ्या हालचालीत केरसुणीवाल्या आजींचीही. सहा चाळीसला रेडिओ बंद झाला, नमस्कार झाले, आणि त्या दिवशी कुणी पांगलं नाही. तिघं जण उलट दिशेने, काळ्या टोपीच्या घराकडे निघाले. तिथे पेटीत पेपर तसाच होता. बेल वाजवली, थांबले, पुन्हा वाजवली. एक जण बाजूच्या बोळातून मागे गेला. मी बाल्कनीच्या कठड्याला धरून उभी. मग वरची खिडकी उघडली आणि आजोबा बाहेर डोकावले, पांघरूण खांद्यावर, केस उभे, सर्दीने नाक लाल. खालून तिघांनी वाकून नमस्कार केला, वरून त्यांनी केला. एवढंच. पाच मिनिटांत गल्ली रिकामी.

तेव्हा कळलं की व्यायाम हे निमित्तही नाही आणि उद्देशही नाही, तो हजेरीपट आहे. जपानमध्ये शंभरातली एकोणतीस माणसं पासष्टीच्या पुढची आहेत आणि त्यांतली पुष्कळ एकटी राहतात. जपानच्या पोलिसांनी 2024 सालची मोजणी जाहीर केली, तिच्यात आपल्या घरात एकट्याने मरण पावलेल्यांचा आकडा 76 हजारांवर होता आणि त्यांतले तीन चतुर्थांश पासष्टीपुढचे. काही दुसऱ्याच दिवशी सापडतात. काही आठवड्यांनी. इथे ज्याची भीती आहे ती मरणाची नाही, ऐंशी-नव्वदीला ती फारशी कुणाला नसतेच. आपण गेलो हे कुणाला कळणारच नाही, याची आहे. म्हणून या गल्लीत माणूस सकाळी उठला की ती त्याची खाजगी बाब राहत नाही. ती बातमी असते आणि कुणीतरी तिची वाट बघत असतं. पडदा सरकला, पेपर आत गेला, दारापुढे केरसुणी फिरली: पोचपावत्या. साचलेला पेपर बघून पालिकेला कळवायचं, असे करार वॉर्डांनी पेपरच्या एजन्सींशी केलेले असतात. माझा पहाटेचा तो गमतीचा नकाशा एजन्सीकडे कामाचा नकाशा म्हणून आहेच.

यावर जपान्यांनी यंत्रही काढलं, न काढते तरच नवल. 1996 मध्ये टोकियोतल्याच इकेबुकुरो भागात एक वृद्ध आई आणि तिचा आजारी मुलगा घरात मरून पडलेले सापडले, तेही बऱ्याच उशिरा. त्या बातमीने हललेल्या एका डॉक्टरांच्या सूचनेवरून झोजिरुशी कंपनीने 2001 मध्ये चहाच्या पाण्याची एक विजेची किटली बाजारात आणली. आतमध्ये संदेश पाठवायचं उपकरण. आईने सकाळी उठून चहासाठी पाणी घेतलं की दूर राहणाऱ्या मुलीला कळतं: घेतलं. बस, बाकी काही नाही. कॅमेरा नाही, माइक नाही, तब्येत कशी आहे ते नाही. उठली, चहा घेतला.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं होतं, काय हे, आईला फोन करायला काय होतं? त्याने नेहमीप्रमाणे पेपरातून, म्हणजे मोबाइलमधून, डोकं वर न काढता विचारलं, “तू करतेस रोज?”

मी रोज करत नाही. पण सकाळी साडेनऊला, म्हणजे साताऱ्यात सहा वाजता, आईचा व्हॉट्सअ‍ॅपवर गुड मॉर्निंग येतो. गुलाबाचं फूल, त्यावर दवबिंदू, शेजारी वाफाळता कप, आणि खाली कुणाच्या तरी नावावर खपवलेला सुविचार. आम्ही भावंडं त्यावर मनसोक्त हसत आलो. भावाने तर त्या चित्रांचा फोल्डर केला होता, “फुलोरा” नावाचा. वडील गेल्यानंतर आई एकटी राहते. तिच्या शेजारच्या काकूंचा नियम असा, की आमच्या दाराला अडकवलेली दुधाची पिशवी सातनंतर तशीच दिसली तर बेल वाजवायची. एकदा त्यांनी वाजवलीही होती. आई आदल्या रात्री मालिका बघत जागली होती इतकंच. काकूंना कुणी हे काम दिलेलं नाही. त्यांच्याकडे ना पाटी आहे ना करार. आणि मला वाटतं आपल्याकडे यात एक अडचणही आहे: काकू आहेत म्हणून चाललं आहे. काकू मुलाकडे बंगळूरला गेल्या की ती पिशवी बघायला कुणी नाही. इथली पाटी निदान पुढच्या दाराला जाते.

हल्ली साडेनऊ होऊन गेले आणि फूल आलं नाही, की माझं कामात लक्ष लागत नाही. पावणेदहापर्यंत मी धीर धरते.

साडेसात ते सव्वाआठ गल्ली मुलांची. पहिलीतली मुलं ओळखू येतात, पिवळी टोपी आणि पाठीवर स्वतःपेक्षा मोठं चामडी दप्तर. आईबाप सोबत नसतात. थोरली पोरं धाकट्यांना घेऊन रांगेत जातात. मोठ्या रस्त्यावर पिवळा झेंडा धरलेल्या बाई उभ्या असतात. हे काम टोकियोत 1959 मध्ये सुरू झालं, आणि त्यामागे मुलांच्या सुरक्षिततेइतकाच विधवा बायकांना रोजगार मिळावा हाही विचार होता. एकाच वेळी पलीकडून वसाहतीतली भारतीय मुलं शाळेच्या बसकडे धावत असतात, त्यांच्या मागे डबा घेऊन आया. आवाज कुठल्या बाजूचा हे सांगायला नको. स्टेशनकडे जाणाऱ्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तोझाई लाइनच्या गर्दीचा आकडा 2019 मध्ये क्षमतेच्या 199 टक्के होता, देशात सगळ्यात वरचा, आणि तिथे जायला निघालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे असायचं तेच त्यांच्या चेहऱ्यांवर असतं. या वेळेपर्यंत माझं बघणं संपलेलं असतं. आठनंतरचं शहर कुठल्याही शहरासारखं.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आम्ही दिवाळीला भारतात गेलो होतो, चांगली मोठी रजा काढून. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी कचरा घेऊन खाली गेले तर आजी केरसुणी टेकवून उभ्या. म्हणाल्या, “तुमचा पडदा बरेच दिवस उघडला नाही. चहाचा कपही दिसला नाही. मी इमारतीच्या व्यवस्थापकांना फोन केला होता. ते म्हणाले, मायदेशी गेलेत. बरं वाटलं.”

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं नाही. आधी कान तापले. म्हणजे इतके महिने मी कठड्याला टेकून गल्ली बघत होते तेव्हा गल्लीच्या हजेरीपटावर चौथा मजलाही होता, चहाच्या कपासकट. परदेशात राहायचं एक सुख असं असतं की आपण कुणाच्या खिजगणतीत नसतो; नातेवाईक नाहीत, अमक्याची सून नाही, कुणी बघत नाही. ते सुख त्या एका वाक्यात गेलं. जे डोळे पडदा बघतात तेच पिशवीतली बाटलीही बघतात, हे मला नेपाळी मुलांच्या वेळी दिसलंच होतं, आणि यातलं एक ठेवून दुसरं नको असं म्हणायची सोय नाही. याचा मला अजूनही मधूनमधून जाच होतो. काही दिवस मी मुद्दाम बाल्कनीत गेले नाही. मग उन्हाळा आला, साडेचारला उजेड डोळ्यांत घुसला, आणि उकाड्याने नाइलाज झाला.

आता भारतात जाताना मी आधी आजींना सांगते. त्या फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतात. काकूंना बंगळूरला जायचं असेल तर त्यांनी मला सांगावं असंही मी सुचवून पाहिलं, त्यावर काकू म्हणाल्या, “अगं, तुला तिकडे जपानात सांगून काय उपयोग?” बरोबर आहे त्यांचं. तरी सांगतात.

गेल्या आठवड्यात उलटं झालं. आजींनीच बेल वाजवली, पहिल्यांदा. हातात शेंगदाण्याची बिस्किटं, शेजारच्या चिबा प्रांताची. म्हणाल्या, सोमवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, दोन रात्री रुग्णालयात राहायचं, पडदा उघडणार नाही, काळजी नसावी. रेडिओवाल्यांना सांगितलंय, पेपर बंद ठेवायला सांगितलाय. मग जरा घुटमळल्या. या आठवड्यात पाटी त्यांच्या दाराला होती, आणि मंगळवारी जळाऊ कचरा.

“मी करते,” मी म्हटलं. “जाळी धुवायची का?”

“नको, धुणं शुक्रवारी. मंगळवारी नुसती झटकायची. आणि वजनाची बाजू आधी उचला, नाहीतर पायावर पडते.”